मौनी वहिनीची वाटी

"वहिनी, ही वाटी आत नेता येणार नाही."

स्टुडिओच्या दारावरचा माणूस माझ्या पिशवीत डोकावून अगदी नम्रपणे म्हणाला. मागे पाहुण्यांची रांग खोळंबली होती. माझा आवाज मुळात बारीक, त्यात घशाला कोरड पडलेली.

"माझी जेवायची आहे," मी म्हटलं. "चातुर्मासात मी दुसऱ्याच्या भांड्यात जेवत नाही."

"जेवण कार्यक्रम झाल्यावर आहे हो. पण आत भांडं पडलं-बिडलं तर? इथे जे वाजतं ते त्याच क्षणी सगळ्या मुंबईत ऐकू जातं. पुसता येत नाही."

"पडणार नाही. मांडीवर धरून बसेन."

"तुम्ही कुणाकडच्या?"

"परुळेकर."

त्याचा चेहराच बदलला. त्याने तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांच्या फटीतून दिसायचं ते दिसलंच. "म्हणजे तुम्हीच का त्या? या, या. वाटी आणायलाच हवी तुम्ही." आणि मागच्या कुणाला तरी तो हळूच म्हणाला, "मौनी वहिनी. खरीखुरी."

मान खाली घालून मी आत गेले. त्या हसण्याची मला आता सवय झाली होती, म्हणजे ते पाठीवर कुठे लागतं हे मला ठाऊक झालं होतं.

तेव्हा आमच्या प्रभादेवीच्या इमारतीत टीव्ही फक्त सरपोतदार वहिनींकडे होता. शनिवारी संध्याकाळी ‘हास्यसूर’ लागायचा. थोडी गाणी, मध्ये मध्ये प्रहसनं, आणि सगळंच्या सगळं थेट. गायकाला खोकला आला तर तो खोकलाही घराघरात जायचा. सुरुवातीला तो फक्त गाण्यांचाच कार्यक्रम होता. पण वादक बदलायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ पडद्यावर नुसती फुलदाणी दाखवत. लोक कंटाळले. मग निर्माते चौबळ यांनी ती फुलदाणी काढून तिथे आमच्या ह्यांना उभं केलं.

हे तेव्हा गिरणीच्या टाइम ऑफिसात होते आणि मंडळांच्या नाटकांत कामं करायचे. गजानन परुळेकर हे नाव चार गल्ल्यांच्या पलीकडे कुणाला माहीत नव्हतं. चौबळांनी बोलावलं तसं ह्यांनी नोकरी सोडली. मला विचारलं नाही, पण सांगताना माझ्याकडे बघत राहिले. मी देवापुढे साखर ठेवली.

पहिले काही शनिवार कुणी हसलं नाही. हे घरी येत, पाय धूत आणि भिंतीकडे तोंड करून बसत. चौबळ त्यांना म्हणाले होते, "परुळेकर, नाटकातलं नको, घरातलं काहीतरी आणा."

आणि ह्यांनी घरातलं आणलं.

माझा नेम लग्नाआधीपासूनचा. चातुर्मासात नक्त, म्हणजे दिवसभर काही घ्यायचं नाही आणि दिवेलागणीनंतर एकदाच जेवायचं. आणि जेवण बाराही महिने मौनाने. पहिला घास घेतला की पानावरून उठेपर्यंत अक्षर बोलायचं नाही. चुकून शब्द गेलाच तर जेवण तिथेच संपलं, पान तसंच टाकून उठायचं. आईचा हाच नेम होता, तिच्या आईचाही. आईनेच मला काशाची एक वाटी दिली होती, काठावर तिचं नाव कोरलेली. सासूबाई गेल्यावर घरात आम्ही दोघंच. समोरासमोर बसून जेवायचो. मला बोलता येत नसे, म्हणून आपोआप एक रीत पडत गेली. वाटीवर चमचा एकदा टेकवला की आमटी. लागोपाठ टकटक केलं की मीठ. बांगडी तांब्याला लावली की पाणी. भुवई वर गेली की ‘ताक संपलंय, उगाच शोधू नका’. कुणी ठरवलं नव्हतं. पायवाट पडते तसं ते पडलं होतं.

त्या शनिवारी सरपोतदार वहिनींच्या खोलीत आम्ही सगळ्या बायका खाली बसलो होतो. पडद्यावर हे लुगडं नेसून आले. डोक्यावर पदर, हातात वाटी. बंडू दिघे त्यांचा नवरा झाला होता. घरात चोर शिरतो. वहिनींनी नुकताच पहिला घास घेतलेला, बोलणार कसं? त्या वाटी वाजवतात, नवरा आमटी आणतो. त्या टकटक करतात, तो मीठ आणतो. चोर मागून ट्रंक उचलतो, कपाट रिकामं करतो, वहिनी तांब्या बडवतात आणि नवरा म्हणतो, "अगं, किती पाणी पिशील?" शेवटी चोर पुरणपोळीलाच हात घालतो तेव्हा त्या किंचाळतात, "चोर!" आणि लगेच कपाळाला हात लावून पानावरून उठतात. शब्द गेला ना. पोळ्या चोर खातो.

खोलीत हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकेक मान माझ्याकडे वळू लागली.

"कुमुदताई," सरपोतदार वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्याकडे खरंच असं वाजवतात?"

मी म्हटलं, "वात संपत आली असेल, बघून येते," आणि उठले.

त्या दिवशी हे घरी आले ते उडतच. "कुमुद, ऐकलंस? लोक हसले. चौबळ स्वतः हसले. फोन थांबेनात म्हणे."

"ऐकलं," मी म्हटलं.

"रागावलीस?"

"नाही."

आणि मी रागावले नव्हतेच. राग आला असता तर बरं झालं असतं, तो जातो. मी पान वाढलं. आमटी हवी होती. चमचा वाटीवर टेकवायला गेले आणि हात आपोआप मागे आला. कुणीतरी बघत असल्यासारखं झालं. मी कोरडाच भात खाल्ला. समोर ह्यांचा हात आमटीच्या पातेल्याकडे अर्धा गेला आणि तिथेच थांबला. दोघांनीही वर पाहिलं नाही.

पुढे वर्षभर ‘मौनी वहिनी’ दर शनिवारी येत गेली. जिन्यात पोरं मला बघून डबे वाजवायची. वाणी सुटे देताना नाणं काचेवर टकटक करून विचारायचा, "मीठ का वहिनी?" वाईट कुणाच्याच मनात नसायचं. देवळात पुजारीबुवासुद्धा तीर्थाची पळी भांड्यावर आपटून हसले, तेव्हा मात्र मी देवळाची वेळ बदलली. घरी आता आम्ही खरंच मुक्याने जेवत होतो. हातानेच घ्यायचं, हातानेच वाढायचं.

एक आवाज मात्र ह्यांनी पडद्यावर कधीच नेला नाही. काशाच्या वाटीच्या काठावरून चमचा गोल फिरवला की एक बारीक, लांब सूर निघतो. तो मी एकदाच काढला होता. आणि तो प्रहसनात नाही हे मी दर शनिवारी, मान खाली घालून, कान देऊन तपासत होते.

वर्ष पूर्ण झालं म्हणून चौबळांनी सगळ्या कलावंतांच्या घरच्यांना बोलावलं. हे म्हणाले, "तू नको येऊस."

"का?"

"दिवे फार असतात तिथे. त्रास होईल तुला."

पण चौबळांनी गाडीच पाठवली. नाही कसं म्हणायचं?

मला पहिल्याच रांगेत बसवलं. दिवे होतेच, पण ते माझ्यावर नव्हते. एक गाणं झालं, वादक उठले, आणि बाजूच्या अंधारातून हे लुगडं नेसून आले. टाळ्या पडल्या. पाटावर बसले, वाटी उचलली, चमचा वर नेला आणि तेवढ्यात त्यांची नजर समोर गेली.

मला वाटतं, इतके दिवस त्यांना कॅमेऱ्यात मी दिसत नव्हते. त्या दिवशी दिसले.

चमचा हवेतच राहिला. बंडू दिघे म्हणाला, "काय गं, आमटी का?" तो पुन्हा म्हणाला, "मीठ हवंय? पाणी?" लोक आधी हसले, त्यांना वाटलं हाच विनोद आहे. मग हसू विरत गेलं. ह्यांच्या कपाळावरचं कुंकू घामाने खाली ओघळलं. काचेमागे चौबळ दोन्ही हात हलवत होते. ह्यांचे ओठ हलत होते, शब्द नव्हता. लुगड्यात बसलेला माझा नवरा, आणि त्याला आत्ता, ह्या क्षणी, सगळी मुंबई बघत होती. वर्षभर मी लोकांसमोर लाजले होते, पण ती माझी लाज होती, मी ती पदराखाली घेऊन फिरू शकत होते. ही त्यांची होती आणि तिच्यावर घालायला माझ्याकडे काही नव्हतं.

मांडीवर वाटी होती. मी पिशवीत हात घातला, चमचा काढला, आणि काठावरून एकदा फिरवला.

सूर फार मोठा नव्हता, पण तिथे दुसरा आवाजच नव्हता. ह्यांनी डोळे मिटले. उघडले. मग चमचा वाटीवर टेकवला आणि प्रहसन सुरू झालं. चोर आला, ट्रंक गेली, पोळ्या गेल्या. लोक पूर्वी कधी हसले नसतील इतके हसले.

आत मेकअपच्या खोलीत चौबळ आले ते सरळ माझ्याकडे. "वहिनी, तो आवाज कसला होता? अंगावर काटा आला. पुढच्या शनिवारी तोच हवा मला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आरशासमोर कुंकू पुसत होते.

"परुळेकर, त्याचा अर्थ काय? घरी काय म्हणायचं असतं त्यातून?"

"काही नाही," हे म्हणाले. "असाच."

"अर्थ नाही? मग आपण देऊ एक." चौबळ उत्साहाने खुर्ची ओढून बसले. "हे बघा. सगळं जेवण झालं, चोर गेला. वहिनी हळूच वाटीच्या काठावरून चमचा फिरवतात. सूर निघतो. नवरा लाजतो. उठतो, दिवा मालवतो. बस्स. एक शब्द नाही, कुणाला बोट ठेवायला जागा नाही, आणि घरोघरी हसून लोळतील."

बंडू दिघे जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब, वहिनी आहेत इथे."

"अरे, वहिनींना मी आईसारखा मान देतो. सभ्यपणेच करायचंय." मग आवाज उतरवून ह्यांना म्हणाले, "गजाननराव, आज मी काचेमागे मेलो होतो. वरचे साहेब बघत होते. पुढच्या वर्षी कोण राहतं, कोण जातं, ते येत्या शनिवारवर ठरेल. मी तुमच्या बाजूने बोलेन, पण मला बोलायला काहीतरी द्या. ती वाटी आणाल ना? तसला आवाज स्टीलचा येत नाही."

हे म्हणाले, "आणीन."

त्या रात्री मी तिथे जेवले नाही. वाटी पुन्हा पिशवीतून काढलीच नाही.

आठवडाभर आम्ही त्यावर बोललो नाही. मी बोलले असते तर ह्यांनी ऐकलं असतं, हे मला माहीत होतं. पण गिरणीची नोकरी परत मिळणार नव्हती, आणि वर्षभर ज्या माणसाला लोकांनी ओळखलं होतं त्याला पुन्हा अनोळखी हो असं सांगायला माझी जीभ उचलेना. मी वाती वळत राहिले. शनिवारी सकाळी पूजा करून उठले तेव्हा फळीवरची वाटी नव्हती. हे दारात चपला घालत होते, हातात कापडी पिशवी.

"येतो," ते म्हणाले.

"या," मी म्हटलं.

संध्याकाळी सरपोतदार वहिनींनी मला पुढे बसवलं. "तुमचा मान," म्हणाल्या. इमारतीतली सगळी माणसं जमली होती, पुरुषही. मागच्या शनिवारी मीच तो सूर काढला हे सगळ्यांना कळलं होतं. एक गाणं झालं. मग हे आले. आमटी झाली, मीठ झालं, चोर येऊन गेला. खोली हसत होती. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

मग बंडू दिघे म्हणाला, "आता काय राहिलं?"

ह्यांनी वाटी उचलली. कॅमेरा जवळ गेला आणि अख्ख्या पडद्यावर माझी वाटी आली, काठावरच्या बारीक अक्षरांसकट. इतक्या लोकांत ती अक्षरं मला एकटीलाच वाचता येत होती. चमचा काठाला लागला. मागून कुणीतरी पुरुष आधीच खाकरला.

चमचा फिरला नाही.

ह्यांनी तो बाजूला ठेवला. वाटी दोन्ही हातांनी धरून पानावर पालथी घातली. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि हात मांडीवर घेऊन बसले. नुसते बसले.

"आता काय राहिलं म्हटलं मी?" बंडू पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

हे बसून राहिले.

"टीव्ही बिघडला का हो?" सरपोतदार वहिनींनी उठून वरून एक थाप मारली. तेवढ्यात कुठून तरी तबला घाईघाईने सुरू झाला, आणि जिची वेळ अजून झाली नव्हती ती गायिका केस सारखे करत पडद्यावर आली.

माझ्याकडे कुणी वळून बघितलं नाही. पहिल्यांदाच त्या खोलीत माझ्याऐवजी बाकीच्यांना अवघडल्यासारखं झालं होतं.

‘हास्यसूर’ त्यानंतरही पुष्कळ चालला. मौनी वहिनीचं लुगडं दुसरं कुणी नेसलं. पुढे तो थेट दाखवणं बंद झालं, आधी चित्रीकरण करून, चुका कापून दाखवू लागले. आमच्या वेळचं काहीच राहिलेलं नाही. दाखवलं ते हवेत गेलं. ह्यांनी नंतर एका छापखान्यात मुद्रितं तपासली, निवृत्त झाले, आणि अजूनही कधी कुणी ओळखलं तर नमस्कार करून पुढे जातात. पण मला सांगायचंय ते त्या शनिवारचंच.

हे घरी आले. पिशवीतली वाटी ओट्यावर ठेवली. पाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"चौबळांना वरून फोन आला माझ्यासमोर," ते म्हणाले. "उभे राहून ऐकत होते बिचारे. बंडू रडला. त्याचंही काम गेलं माझ्यापायी. मला तिथून बाहेर कसं पडावं कळेना, कुमुद. अंगावर लुगडंच होतं."

मी पानं वाढली, वाटी धुऊन माझ्या पानाशी ठेवली. माझं नक्त व्हायचं होतं. दिवसभर पाणीसुद्धा पोटात नव्हतं. "बसा," मी म्हटलं. ते पानावर येऊन बसले. मी हात जोडले, देवाचं नाव घेतलं, पहिला घास घेतला.

ते जेवेनात. भाताकडे बघत बसले.

असं पूर्वी एकदा झालं होतं. लग्नाला वर्ष झालं नसेल. गणपतीतल्या नाटकात लोकांनी ह्यांना ओरडून खाली बसवलं होतं, आणि हे असेच पानासमोर बसले होते. माझा घास झालेला, बोलायची सोय नाही. काय करावं सुचेना म्हणून मी चमचा वाटीच्या काठावरून फिरवला होता. त्यांनी वर बघितलं होतं, आणि ते जेवले होते. त्या सुराची सगळी गोष्ट एवढीच.

मी चमचा उचलला. काठाला लावला. ह्यांनी पटकन हात पुढे करून वाटी झाकली.

"नको," ते म्हणाले. "आता नको. मी ती तिथे नेली. लोकांसमोर धरली. तो आवाज ऐकला की मला ते दिवे दिसतील." मान वर न करता म्हणाले, "मला त्याची लाज वाटते."

त्यांची बोटं वाटीवरच होती. भात निवत होता. मी चमचा खाली ठेवला. माझ्या तोंडात पहिल्या घासाची चव अजून होती आणि पोटात भूक अशी उभी होती की सांगता येत नाही. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तो मी बाजूला सारला.

"जेवा," मी म्हटलं.

इतक्या वर्षांत जेवताना माझा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो मलाच परका वाटला. ह्यांनी झटकन वर बघितलं, जणू कुणी तिसरंच माणूस बोललं होतं. मग त्यांची नजर माझ्या भरल्या पानाकडे गेली.

मी उठले. हात धुतले आणि त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिले.

मागे भात कालवल्याचा आवाज आला. ते जेवले, सावकाश, शेवटपर्यंत. त्यांचं पान सरकवल्याचं ऐकू आलं, आणि दुसरं पान ओढल्याचं. माझं. माझ्या उष्ट्या भातात त्यांनी आमटी ओतून घेतली. मला वळून बघवेना. कुणा पुरुषाने असं केल्याचं मी ऐकलंसुद्धा नव्हतं. कान तापले होते. मी भिंतीवरच्या फळीकडे बघत उभी राहिले, आणि माझ्या पानातला घास ते चावत होते ते ऐकत राहिले.